धाकट्याचं दुखणं

आप्पांचं बहुतेक बोलणं मी झोपेत ऐकलेलं आहे. यात त्यांचा अपमान करायचा हेतू नाही. त्या वर्षांत मी रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत होतो आणि माझ्या वाट्याला नेहमी तिसरी पाळीच यायची. सकाळी कंपनीची बस मला तळेगाव ढमढेऱ्याला सोडायची. आप्पांच्या घरामागच्या भाड्याच्या खोलीत जाऊन मी आडवा व्हायचो, डोळा लागतो न लागतो तोच खिडकीखाली, कडुलिंबाच्या सावलीत, बाज करकरायची आणि आप्पा बोलायला लागायचे. झोप माझा जीव की प्राण. दुसरा कुणी घरमालक असता तर मी महिन्याभरात खोली सोडली असती. पण आप्पांचा आवाज ऐकताना झोप मोडायची नाही, ती नुसती पातळ व्हायची. त्यामुळे आज मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे, त्यातलं किती ऐकलेलं आणि किती स्वप्नात पडलेलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुरुवातीला वाटलं, कुणी शेजारी येऊन बसत असेल. "थोरल्या, तू गप बसलास आन् ह्या धाकट्याला बोलाय लावलंस. आसं आस्तंय व्हय?" असं आप्पा कुणाला तरी समजावत होते. समोरचा उत्तर देत नव्हता. एके दिवशी पाणी प्यायला उठलो तेव्हा खिडकीतून पाहिलं. बाजेवर आप्पा एकटेच होते. डावा हात मांडीवर होता आणि उजवा हवेत, पंजा उघडा. बोलणं चाललं होतं ते या दोघांशी.

डावा थोरला आणि उजवा धाकटा. आपण उलटं म्हटलं असतं, पण आप्पांचा हिशेब वेगळा होता. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. आता जमीन आहे, विहीर आहे, घराला स्लॅब आहे, पण तरुणपणी ते मेंढरांमागे फिरले होते आणि मेंढरं भादरण्यात, म्हणजे त्यांची लोकर कातरण्यात, त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. "कंपनी," ते मला म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, मी कायम कंपनी. "कंपनी, लोकांस्नी वाटतंय भादरतो त्यो उजवा. उजवा नुसती कातर चालिवतो. कातडं कुठं सैल हाय, कुठं हाड वर आलंय, मेंढरू कवा बिथरंल, ह्ये समदं डाव्याला कळतंय. म्हून डावा थोरला."

तर हा थोरला जायबंदी झाला होता. मी तिथं राहायला जायच्या आधी केव्हातरी वावटळीत मेंढरांच्या छपराचा पत्रा उडाला आणि धरायला गेलेल्या आप्पांच्या डाव्या हाताला कोपराखाली कापत गेला. जखम शिवली, भरली, वण राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वाकडं आणि बधिर झालं. इथपर्यंत गावाला सगळं समजत होतं. पुढचं कुणाला समजेना. जखम भरल्यावर काही महिन्यांनी आप्पांचा उजवा हात पेटला. करंगळी, शेजारचं बोट आणि तळव्याची कड, म्हणजे डाव्या हाताचा जो भाग बधिर, नेमका तोच भाग. वारा लागला तरी आग, सदऱ्याची बाही घासली तरी आग. ना जखम, ना सूज. गावात एक्स-रे काढला, तर डॉक्टर म्हणाले, उजवा हात ठणठणीत आहे. ते चांगल्या मनानं म्हणाले असतील. पण गावानं एवढंच वाक्य उचललं.

कशाला लागू नये म्हणून आप्पा उजवा हात वर धरून चालत. पंजा पुढे, बोटं किंचित वाकलेली. पोरंबाळं त्यांच्या वाटेत येऊन पाया पडत आणि आशीर्वाद घेऊन पळत. पण खरी पंचाईत रस्त्यावर व्हायची. हात वर केलेला माणूस दिसला की शिक्रापूरकडे जाणारी जीप हमखास थांबायची. आणि आपल्यासाठी गाडी थांबलेली, त्यातली माणसं सरकून जागा करताहेत, म्हटल्यावर नको म्हणणं आप्पांच्या जिवावर यायचं. ते बसायचे. शिक्रापूरला उतरून एक चहा प्यायचे आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचे. बाजारातून कोथिंबीर आणायला गेलेले आप्पा संध्याकाळी सुकलेली कोथिंबीर घेऊन उगवले की मावशी, म्हणजे त्यांची बायको, दारातूनच विचारायची, "कुठवर जाऊन आला धाकटा?" मावशीची जीभ अशी तिखट होती. पण त्यांच्या ताटातली भाकरी ती आधीच कुस्करून ठेवायची, बोटांना त्रास नको म्हणून. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत.

आणखी एक प्राणी त्या अंगणात होता. बांडी. मेंढरं विकून टाकली तेव्हा एवढी एक मेंढी आप्पांनी ठेवून घेतली होती. हात गेल्यापासून तिला भादरलेलं नव्हतं. आप्पांना जमेना आणि दुसऱ्या कुणाला ते हात लावू देईनात. लोकर वाढत वाढत बांडीचे पाय दिसेनासे झाले, डोळे दिसेनासे झाले. अर्धवट झोपेत खिडकीतून पाहावं तर एक गादी अंगणभर हळूहळू फिरते आहे. चैत्राच्या उन्हात ती धापा टाकायची. मग आप्पा तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि ओल्या लोकरीचा तो उग्र, उबदार वास माझ्या खोलीत यायचा. अजूनही कधी दुपारी डोळा लागला तर तो वास येतो आणि मी कुठे आहे ते क्षणभर कळत नाही.

"न्हाव्याला बोलवून मिशिननं काढते तिची लोकर," मावशी दम द्यायची.

"काढ. आन् मग माजी बी काढ," आप्पा म्हणायचे.

बांडीला न भादरण्यामागे नुसता हट्ट नव्हता. त्यांच्यात भादरणी इर्जिकीनं होते. म्हणजे ज्याची मेंढरं त्यानं बाकीच्यांना सांगावा धाडायचा, सगळ्यांनी आपापली कातर घेऊन यायचं, दिवसभर भादरायचं आणि एकत्र जेवून घरी जायचं. मजुरी कुणी घेत नाही. सांगावा येणं हाच मान. आप्पांचे थोरले भाऊ, आबा, अजून मेंढरं राखून होते. ते यवतच्या अलीकडे कासुर्डीच्या शिवारात शेतकऱ्यांच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायचे. त्यांच्या इर्जिकीत आप्पांची जागा पोरवयापासून ठरलेली होती, आबांच्या उजव्या अंगाला.

उजवा हात पेटल्यावरची पहिली भादरणी आली. आप्पा गेले. कातर उचलली आणि करंगळीपासून अशी कळ निघाली की कातर सुटून मेंढराच्या पायावर पडली आणि मेंढरू तडफडून उठलं. आप्पा हात धरून ओरडले. तेव्हा आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "लागलं डाव्याला, आन् वरडतोस उजव्यासाठी? कामाचा कटाळा आला आसंल तर सांग की सरळ. सोंगं कशाला?"

माणसं हसली. पुढच्या भादरणीला सांगावा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हे आप्पांनी मला सांगितलं तेव्हा मी जागा होतो. त्यांच्या मांडीवर कातर होती. दर भादरणीच्या दिवसांत ते तिला तेल लावत, पुसत आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवत. "हात दुखतो त्येचं काय न्हाई, कंपनी," ते म्हणाले. "दुखणं म्हंजी पाव्हणं. कुणाच्या दारात उतरंल सांगता येत न्हाई. पर आलंय म्हनलं तर घरच्यांनी तरी खरं मानावं का न्हाई?"

आबा दुष्ट होते असं मात्र कुणी समजू नये. त्या भांडणाआधी त्यांनी आपल्या परीनं औषध केलं होतं. मेंढराचा पाय आखडला की मेंढपाळ लोखंड तापवून दुखऱ्या जागी डाग देतात. आबांचा हात त्यात बसलेला. धाकट्या भावाचं दुखणं पाहवेना म्हणून त्यांनी त्याच मायेनं आप्पांच्या उजव्या हाताला, तळव्याच्या कडेला, शेजारी शेजारी दोन डाग दिले. डागांनी कळ थांबली नाही. जिथं दुखतं तिथं डाग दिला तरी दुखणं जात नाही, म्हणजे दुखणंच नाही, असं आबांचं गणित झालं. माझ्या मते त्यांना राग आला तो भावाचा नव्हे, आपला डाग वाया गेल्याचा.

माझं घर वरवंडला. माझ्या आईच्या पायात कमरेपासून कळ जायची, त्यासाठी ती दौंडला एका डॉक्टरीणबाईंकडे जायची. त्या पुण्याहून आठवड्यातून एकदा यायच्या आणि फक्त नसांचं बघायच्या. मी आप्पांना म्हटलं, चला, दाखवून येऊ. आप्पा बरेच दिवस टाळत राहिले. शेवटी एकदा म्हणाले, "आन् त्या बाई बी सोंग म्हनल्या तर? आता निदान शंका तरी हाय लोकांस्नी. मग ती बी ऱ्हायची न्हाई."

याला उत्तर मावशीकडे होतं. तिनं त्यांचा धुतलेला सदरा आणून बाजेवर टाकला आणि म्हणाली, "सोंग म्हनल्या तर मला सांगा. म्या बघते त्यांच्याकडं."

मोटारसायकलवरून निघालो. न्हावरा मागे पडलं, भीमेचा पूल आला, चौफुला गेला. माझ्या मागे आप्पा उजवा हात वर धरून बसलेले. समोरून येणारे ट्रॅक्टरवाले, उसाच्या गाडीवरच्या बाया, सगळे हात हलवून उत्तर देत होते. आप्पाही मान डोलवून ओळख देत होते. रात्रपाळी करून आल्यामुळे माझे डोळे जड होते. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, आणि तो पांढुरका रस्ता मला सबंध वेळ पाण्याखालून चालल्यासारखा वाटत होता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी आधी उजवा हात पाहिला, कापसाचा बोळा हलकेच फिरवला. आप्पा कळवळले. मग त्यांनी डावा हात मागितला. आप्पा म्हणाले, "ह्येला काय न्हाई हो बाई, ह्यो मेल्यात जमा हाय." बाईंनी वणावर, एका जागी, बोटानं टिचकी मारली.

आप्पा ओरडले आणि त्यांनी उजवा हात पोटाशी धरला.

आप्पा स्वतःच्या दोन हातांकडे आळीपाळीनं बघत होते. मग बाईंनी वणापाशी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ बाहेर बसवलं, परत आत बोलावलं आणि उजव्या हातावर तोच कापूस फिरवला. आप्पा बघत राहिले. त्यांनी आपला उजवा तळवा टेबलावर टेकवला, आधी हळू, मग पूर्ण. इतक्या महिन्यांत तो हात कशावर टेकलेला मी पाहिला नव्हता.

बाईंनी समजावून सांगितलं. डाव्या हाताची नस आणि उजव्या हाताची नस, दोन्ही मणक्यात एकाच उंचीवर येऊन मिळतात. डावी कापली गेली, ती नीट जुळली नाही, आणि वणापाशी तिचं टोक धुमसत राहिलं. ते धुमसणं इतकं चाललं की मणक्यातली शेजारची जागाही तापली आणि पलीकडच्या हाताला कळ जायला लागली. उजव्या हातात काहीही बिघाड नाही. "असं सगळ्यांना होत नाही, आणि का होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनचा गुण आज संध्याकाळपर्यंतच राहील. गोळ्या देते, हळूहळू कमी होईल, पण पूर्ण जाईल असं सांगत नाही."

आप्पांना बहुधा यातलं शेवटचं काही ऐकू गेलं नाही. "म्हंजी बिघाड न्हाई, पर दुखतंय ह्ये खरं?"

"खरं आहे."

"बाई, ह्येच जरा मोठ्यांदा म्हणता का?"

बाहेर बाकड्यांवर माणसं बसली होती, दार अर्धं उघडं होतं. त्या बाहेरच्यांपैकी एकही माणूस आप्पांच्या ओळखीचा नव्हता. पण बाईंना काय कळायचं ते कळलं असावं. त्या मोकळ्या, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आप्पा, तुमचं दुखणं खरं आहे." आप्पांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि मी त्याचं खापर रात्रपाळीवर फोडलं.

परत निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर वजन पडलं. आप्पांनी उजवा हात ठेवला होता. "कंपनी, कासुर्डीला घे."

आबा एका काढलेल्या कांद्याच्या रानात मेंढरं बसवून बांधावर बसले होते. आप्पांनी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर उजव्या हातानं थाप मारली. आबा वळले, आधी हाताकडे बघितलं, मग भावाकडे. आप्पांनी घाईघाईनं, उलटसुलट, सगळं सांगितलं. नस, मणका, टिचकी. "दुखणं थोरल्याचं व्हतं आबा, भोगलं धाकट्यानं."

आबांनी त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्याच्या कडेच्या त्या दोन डागांवरून अंगठा फिरवला. "म्हंजी ह्यो हात..." एवढंच म्हणाले.

"तुमी दुखलं तिथंच दिला की," आप्पा म्हणाले. "मेंढराला बी आपुन तसाच देतो."

"च्या घ्या," आबा म्हणाले आणि उठून मेंढरांत गेले. आम्ही चहा घेतला. ते लांबवर, पाठमोरे, एकेक मेंढरू उगीचच चाचपत फिरत होते. आम्ही निघेपर्यंत परत आले नाहीत.

"पटलं नसंल," वाटेत आप्पा म्हणाले. भीमेच्या पुलावर ऊन कलत होतं, पाणी अजिबात हलत नव्हतं. पुलाच्या मध्यावर माझ्या खांद्यावरचं वजन उचललं गेलं. आरशात पाहिलं, तर हात परत हवेत गेला होता.

गोळ्यांनी आग थोडी उतरली. आप्पांना सदऱ्याची बाही सोसायला लागली, घासही नीट घेता यायला लागला. पण त्यांचं लक्ष हातात नव्हतं, फोनमध्ये होतं. फोन बाजेवर शेजारी ठेवून ते बसायचे आणि कंपन्यांचे, बँकांचे कसले कसले फोन आले तरी तत्परतेनं "आबा?" म्हणायचे. फाल्गुन आला. अंगणभर कडुलिंबाची पानं पडत होती आणि पांघरुणाखालून मला ऐकू यायचं, "थोरल्या, तुजं ऐकलं त्या बाईनं. आता आपल्या थोरल्याचं काय?"

फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. स्वप्नात कुणीतरी लांबून म्हणत होतं, "सोमवारी भादरणी हाय. बांडीला घिऊन ये." मग आप्पांनी खिडकीचं दार वाजवलं. "कंपनी, सोमवारची सुट्टी मिळंल का?"

टेम्पोत बांडी, आप्पा, मावशी आणि मी. कासुर्डीला रानात माणसं जमलेली, कातरींचा सारखा कचकच आवाज, आणि हवेत लोकरीचे तंतू तरंगत होते. सकाळच्या उन्हात ते इतके मंद खाली येत होते की सगळी माणसं झोपेत काम करताहेत असं वाटावं. बांडीला पाहून पोरंटोरं हसली. आबांच्या उजव्या अंगाची जागा मोकळी होती.

आप्पा बसले. बांडीला आडवी केली, पाय बांधले. उजव्या हातानं कातर उचलली आणि ती हातात राहिली. पण डाव्याची ती दोन बोटं बधिरच होती. लोकरीत हात घातला तरी कातडं कुठं आहे ते त्यांना कळेना. कातर थांबली. बाकीच्याही थांबल्या. मला वाटलं, संपलं.

आबांनी आपली कातर खाली ठेवली. सरकून पलीकडच्या बाजूला बसले, बांडीच्या लोकरीत आपला हात खुपसला आणि कातडं ताणून धरलं. "हां, चालीव."

आप्पांनी चालवली. एक हात थोरल्याचा, एक धाकट्याचा. लोकरीचा थर उलगडत खाली येऊ लागला आणि आतून बारकी, गोरी, विसरून गेलेली बांडी निघू लागली. मावशीनं पदर तोंडाला लावला होता.

मानेपाशी बांडी बिथरली. तिनं झटका दिला, आबांचा हात पुढे आला आणि कातर त्यांच्या बोटावरून गेली. रक्त आलं.

"आई गंऽऽ!"

ओरडले आप्पा. कातर टाकून त्यांनी स्वतःचाच हात धरला होता.

आबांनी आपल्या रक्ताकडे बघितलं, मग भावाकडे. "कापलं मला," ते म्हणाले, "आन् वरडतोस तू?"

रानात कुणी हसलं नाही. आप्पांनी वर पाहिलं. "आता पटलं का?"

आबांनी शेजारची चिमूटभर लोकर घेऊन बोटावर दाबली. "कवाच पटलंय. धर ती कातर."

आणि त्यांनी तोच हात परत बांडीच्या मानेवर, कातरीच्या पुढ्यात ठेवला.